जो तेथे नव्हता, त्याची साक्ष

मार्गशीर्षातील पौर्णिमेच्या सायंकाळी मालवणच्या बंदराच्या धक्क्यावर उभे राहावे, म्हणजे समोर सुमारे अर्ध्या किलोमीटरवर सिंधुदुर्गाचा तट हळूहळू काळवंडू लागतो, त्याच्या पलीकडे सूर्य पाण्याकडे उतरतो, पाठीमागे माडांच्या शेंड्यांवरून पूर्ण चंद्र वर येतो, ओहोटीने उघड्या पडलेल्या खडपांवरचे शेवाळ चमकू लागते, आणि सुकत घातलेल्या मासळीचा, ओल्या दोरखंडांचा व खाऱ्या वाऱ्याचा असा काही संमिश्र गंध नाकात भरतो की, त्या घटकेला ज्याच्या हाती कॅमेरा आहे तो मनुष्य एरवी कितीही व्यवहारी असला तरी, आपण काही अलौकिक टिपत आहोत अशी त्याची बालंबाल खात्री होते.

माझीही तशी ती झाली होती. त्या सायंकाळचे एक चित्र मी बारा बाय अठरा इंचांच्या कागदावर मोठे करून घेतले, आणि महिन्यातून एकदा एकमेकांची छायाचित्रे पाहण्यासाठी जमणाऱ्या आम्हा स्नेह्यांच्या बैठकीत ते टेबलावर ठेवले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एकाने, स्वरात कसलाही आकस न आणता, विचारले, “ह्यात किल्लो खंय आसा?”

मला प्रथम राग आला. मग पट्टी आणून मी तटाची उंची मोजली, आणि राग ओसरला. कारण जो तट त्या सायंकाळी माझ्या दृष्टीत सर्व आकाश व्यापून राहिला होता, तो कागदावर जेमतेम पाव इंच भरला. हिशेब सरळ आहे. तटाची उंची सुमारे तीस फूट. अर्ध्या किलोमीटरवरून ती सुमारे एका अंशाएवढी दिसते, म्हणजे हात लांब करून करंगळी आडवी धरली तर तिच्यामागे तटाची सगळी उंची झाकली जाईल. माझ्या कॅमेऱ्यावर होते २४ मिलिमीटरचे रुंद पल्ल्याचे भिंग, जे उभ्या दिशेने ५३ अंशांचा मुलूख आपल्या चौकटीत घेते. बारा इंचांच्या कागदाचे त्रेपन्न वाटे केले, तर एक वाटा किल्ल्याचा आणि बावन्न वाटे आकाशाचे व पाण्याचे, असा तो वाटपाचा तक्ता होता. आणि मी मात्र ‘सिंधुदुर्ग’ असे त्याचे नाव ठेवून मोकळा झालो होतो.

दुसऱ्या स्नेह्याचा आक्षेप याहून मर्मभेदी होता. १६६४ ते १६६७ या काळात शिवछत्रपतींनी कुरटे बेटावर हा जलदुर्ग उभारला. सुमारे ४८ एकरांचा तो विस्तार, तीन किलोमीटरांच्या आसपास भरणारी ती तटबंदी, हे सारे ज्या एका गोष्टीमुळे अर्थपूर्ण होते ती गोष्ट म्हणजे भोवतालचे पाणी. माझ्या चित्रात ओहोटीने उघडी पडलेली खडपे चौकटीच्या तळापासून थेट तटाच्या पायथ्यापर्यंत सलग पसरल्यासारखी दिसत होती, आणि त्यामुळे ज्याने मालवण कधी पाहिले नाही त्याला हा किल्ला एखाद्या ओसाड सड्यावर बांधलेला आहे असेच वाटले असते. तिसऱ्याने क्षितिज डावीकडे किंचित कलले असल्याचे दाखवले. चौथ्याने मात्र चित्राच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हटले, “या शेवाळावर पडलेला प्रकाश पाहा, खरे चित्र येथे आहे, आणि ते तुम्ही अजून काढलेलेच नाही.”

या चौघांपैकी एकही जण त्या सायंकाळी धक्क्यावर हजर नव्हता. प्रस्तुत प्रकरणाचा सारा विषय या एका गोष्टीत साठवलेला आहे.

स्मृतीचा पक्षपात

न्यायालयाचा शिरस्ता असा की, जो घटनास्थळी हजर नव्हता त्याची साक्ष सहसा ग्राह्य धरीत नाहीत. छायाचित्राच्या दरबारात हा शिरस्ता नेमका उलटा चालवावा लागतो. कारण येथे जो हजर होता तोच पक्षकार असतो. आपल्या चित्राकडे पाहताना छायाचित्रकार कागदावर जेवढे आहे तेवढेच पाहू शकत नाही. कागदाला पाहताक्षणी त्याच्या स्मृतीचे दप्तर उघडते, आणि त्यातून वारा, गंध, लाटांचा आवाज, पहाटे उठून केलेली पायपीट, पायाला लागलेली खडपाची धार, हे सारे बाहेर पडून चित्राच्या रिकाम्या जागा भरून काढते. त्याला चित्र संपूर्ण वाटते, आणि तो खोटे बोलत नसतो. फक्त त्याला दिसणारे निम्मे चित्र त्याच्या मस्तकात असते व उरलेले निम्मे कागदावर.

शिवाय मनुष्याचा डोळा आणि कॅमेऱ्याचे भिंग यांच्या कार्यपद्धतीतच मूलभूत अंतर आहे. डोळा दृश्यावर स्थिर राहत नाही. तो तेजस्वी आकाशावरून काळोख्या तटावर, तटावरून पाण्यावर फिरतो, प्रत्येक ठिकाणी बाहुली लहानमोठी करून तेथील तपशील गोळा करतो, आणि मन त्या सर्व तुकड्यांचे एक अखंड दृश्य तयार करते. ज्या वस्तूवर अवधान केंद्रित होते ती मनाला तिच्या वास्तविक आकाराहून मोठी वाटते. क्षितिजालगतचा चंद्र थोरला भासतो, तोही मनाचाच खेळ. भिंगाला अवधान नसते. ते किल्ल्याला आणि किल्ल्यासमोर तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या बाटलीला समान न्याय देते, आणि एका वेळी प्रकाशाचे एकच माप धरते. त्या मापात आकाश सांभाळले तर तट काळा पडतो आणि तट सांभाळला तर आकाश पांढरे होते.

हा पक्षपात काही अंशी काळाने उतरतो. चित्र काढल्यावर महिना-दोन महिने ते दृष्टीआड ठेवून मग पाहावे, असे जे अनुभवी लोक सांगतात त्याचे कारण हेच की, तेवढ्या अवधीत स्मृतीचा अंमल ढिला होतो आणि मनुष्य स्वतःच्या चित्राला थोडाफार परका होतो. परंतु तो पुरता परका कधीच होत नाही. ते काम दुसऱ्यालाच करावे लागते, आणि सिंधुदुर्गासारख्या मुलुखात तर अधिकच. कारण येथे निसर्ग इतका मुक्तहस्त आहे की तारकर्लीची पुळण, देवबागला कर्ली नदी समुद्राला भेटते तो संगम, निवतीचा डोंगर किंवा धामापूरचा तलाव यांपैकी कोठेही कॅमेरा रोखला तरी काहीतरी रम्य हाती लागतेच, आणि स्थळाची रम्यता हाच चित्राचा गुण आहे असा भ्रम सहज होतो.

एक जुना दाखला

समव्यवसायी जनांपुढे आपली छायाचित्रे मांडून त्यांची चर्चा ऐकण्याची प्रथा आपल्याकडे अलीकडे आली असे मानण्याचे कारण नाही. लंडनमध्ये छायाचित्रकारांची संस्था १८५३ साली स्थापन झाली, आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आतच, १८५४ च्या ऑक्टोबर महिन्यात, मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ उभी राहिली. तिच्यात गोऱ्या अंमलदारांबरोबर एतद्देशीय सभासदही होते, आणि त्यांतील डॉ. नारायण दाजी लाड तर संस्थेच्या कार्यकारी मंडळावर होते. सुविख्यात विद्वान डॉ. भाऊ दाजी लाड यांचे हे बंधू; आणि या घराण्याचे मूळ गाव पेडणे महालातील मांद्रे, म्हणजे आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरील तेरेखोल नदी ओलांडली की पलीकडे.

त्या काळी कोलोडियनची ओली काच वापरीत. तिच्यावर रसायन चढवणे, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घेणे, आणि वाळण्यापूर्वीच काळोखात नेऊन ते प्रकट करणे, ही सारी कर्मे मुंबईच्या उष्म्यात मिनिटांच्या हिशेबाने करावी लागत. बैठकीत छायाचित्रे मांडली जात, प्रयोगांची चर्चा होई, आणि कागदावरचा डाग कोणत्या चुकीने पडला हे एकाने दुसऱ्याला सांगितले की तेवढ्याने दुसऱ्याची पुढची खटपट वाचे. त्या परीक्षणात मुरवत चालण्यासारखी नव्हती. डाग हा डागच असे. आज रसायनांची ती दगदग उरली नाही. पण दुसऱ्याने बोट ठेवल्याशिवाय जे डाग दिसत नाहीत, ते चित्राच्या मांडणीत आणि आशयात पूर्वीइतकेच पडत असतात.

पुढे १९३७ साली मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया’ आली, १९५३ साली अखिल भारतीय महासंघ आला, आणि स्पर्धा व प्रदर्शने यांची परंपरा रूढ झाली. तिचे उपकार मोठे आहेत. तथापि स्पर्धेतील निर्णय आणि स्नेह्यांचे परीक्षण या दोहोंत भेद आहे, तो ध्यानी ठेवावा. स्पर्धेत अनेक चित्रांची तुलना करून फैसला द्यायचा असतो. त्यात चित्राला गुण मिळतात, कारण मिळतेच असे नाही. परीक्षणाच्या बैठकीत कारणाखेरीज दुसरे काही द्यायचेच नसते. इंग्लंडात छायाचित्रकारांची टपालमंडळे होती, त्यांत चित्रांचा संच टपालाने एका सभासदाकडून दुसऱ्याकडे फिरे आणि प्रत्येकाने त्यावर आपला अभिप्राय लिहायचा असे. लिहावयाचे म्हटले की मनुष्याला ‘छान आहे’ एवढ्यावर थांबणे अवघड जाते. त्याला कारण शोधावे लागते, आणि कारण शोधता शोधता तो स्वतःही पाहायला शिकतो.

परीक्षणाचा शिरस्ता

आमच्या बैठकीने अनेक वर्षांच्या चुकांतून काही नियम ठरवले, ते येथे नमूद करतो. पहिला नियम असा की, ज्याचे चित्र आहे त्याने प्रथम मौन धारण करायचे. ‘त्या दिवशी ढग होते’, ‘मागून बैल आला’, ‘होडी थांबायला तयार नव्हती’ अशा कैफियती चित्राबरोबर भिंतीवर टांगता येत नाहीत. म्हणून त्या बैठकीतही मांडू नयेत. दुसरा नियम असा की, मत देण्यापूर्वी वर्णन करायचे. ‘माझी दृष्टी प्रथम डाव्या बाजूच्या पांढऱ्या होडीवर गेली, तेथून ती चौकटीबाहेर निसटली, आणि किल्ल्याकडे मी बऱ्याच उशिरा आलो’, एवढे कोणी प्रामाणिकपणे सांगितले तरी छायाचित्रकाराला आपल्या चित्राचा असा नकाशा मिळतो, जो त्याला स्वतःला कधीच काढता आला नसता. चांगले काय आणि वाईट काय, हे अशा वर्णनातून पुष्कळदा आपोआप निघते.

तिसरा नियम: दोष सांगताना जागा दाखवायची. ‘चित्रात जीव नाही’ हे वाक्य ऐकणाऱ्याच्या पदरात दुःखाखेरीज काही टाकत नाही. ‘तटाचा काळा आणि खडपांचा काळा एकच झाल्याने दोन्ही एकमेकांत बुडाले’ हे वाक्य त्याला उद्याचे काम देते. आणि चौथा नियम: जे साधले आहे तेही तितक्याच नेमकेपणाने सांगायचे. हे केवळ मन राखण्यासाठी करायचे असे कोणी समजू नये; आपले बलस्थान कोणते हे छायाचित्रकारालाही पुष्कळदा ठाऊक नसते. त्या कोपऱ्यातील शेवाळाकडे माझे लक्ष गेले नव्हते. पुढे वर्षभर मी केवळ खडपांची चित्रे काढली, आणि माझ्या आजवरच्या कामात मला त्यांचेच थोडे समाधान आहे.

परीक्षकांतही तीन प्रकारच्या लोकांपासून सावध राहावे. पहिला स्तुतिपाठक; याच्या सहवासात मनुष्य सुखी राहतो आणि त्याची चित्रे आहेत तेथेच राहतात. दुसरा नियमांचा हवालदार. याला क्षितिज मध्यावर दिसले की चित्र बाद. चौकटीचे तीन भाग पाडून महत्त्वाची रेषा एक तृतीयांशावर ठेवावी, हा जो नियम आज प्रत्येक नवशिक्याला पाठ असतो, तो जॉन टॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली ग्रामीण देखाव्यांवरील ग्रंथात मांडला. तो उपयुक्त आहे, परंतु धामापूरच्या निवांत पाण्यात काठावरची झाडी जशीच्या तशी उलटी उतरलेली असताना क्षितिज मध्यावर ठेवण्यातच त्या दृश्याचे सत्य असते, हे त्या नियमाला कसे कळावे? तिसरा प्रकार सर्वांत सूक्ष्म: हा परीक्षक आपल्या चित्रात स्वतःचे चित्र शोधतो, आणि ते न सापडल्यास नाराज होतो. त्याची सूचना ऐकावी. मात्र ती चित्रातील दोषाविषयी आहे की त्याच्या आवडीविषयी, याची छाननी करून मगच स्वीकारावी.

ऐकणाऱ्याचेही एक कर्तव्य आहे, आणि ते म्हणजे आपला हेतू विसरू न देणे. चार जणांनी चार दिशांना ओढले म्हणून चारही सूचना पाळणारा छायाचित्रकार अखेरीस कोणाचेच नसलेले चित्र काढतो. निराळ्या स्वभावाच्या तीन माणसांनी एकाच जागेवर बोट ठेवले, तर तेथे निःसंशय काहीतरी बिघडले आहे असे मानावे. उपाय कोणता करायचा, ही मुनसफी मात्र आपली.

आक्षेपाचे पंचांगात रूपांतर

आक्षेप ऐकून घरी बसणे म्हणजे वैद्याने दिलेला काढा कोनाड्यात ठेवून देणे. पाण्याविषयीच्या आक्षेपाने मला जेथे नेले ती जागा मोठी अनपेक्षित होती, ती म्हणजे आमच्या घरातील पंचांग. कोकणातील दर्यावर्दी पिढ्यान्‌पिढ्या एक सोपे गणित करीत आले आहेत: तिथीचा अंक घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. दिवसातून दोनदा, आणि दोन भरत्यांच्या मधोमध, सव्वासहा तासांच्या अंतराने, ओहोटी.

आता माझी चूक पाहा. पौर्णिमेला सव्वाअकराला भरती, म्हणजे सायंकाळी साडेपाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी. आणि पौर्णिमेच्या दिवसांत पाणी चढते जास्त तसे उतरतेही जास्त. नेमक्या सूर्यास्ताच्या वेळी जास्तीत जास्त खडपे उघडी पडावीत, असा दिवस मी, चंद्राच्या मोहाने, स्वतःच निवडला होता. किल्ला पाण्यात दिसायला हवा असेल तर अष्टमीला जावे, कारण त्या दिवशी भरती सहाच्या सुमारास, म्हणजे सूर्यास्तालाच, पुरी होते; अष्टमीचे पाणी उधाणाएवढे चढत नाही हे खरे, तरी तटाला पाण्याचा वेढा पडलेला दिसण्यास ते पुरेसे होते. उलट, ज्याला शेवाळ आणि खडपांतील डबकी टिपायची आहेत त्याच्यासाठी पौर्णिमा-अमावास्येची सायंकाळ हाच मुहूर्त.

किल्ल्याच्या आकारासंबंधीचा आक्षेप भिंग बदलून सुटला, पण प्रकाशाचा प्रश्न उरला. किल्ला मालवण गावाच्या पश्चिमेस समुद्रात असल्याने सायंकाळी आपल्याला त्याची सावलीतली बाजू दिसते, तर सकाळी गावाच्या मागून वर येणारा सूर्य तटाचे चिरे एकेक करून उजळतो. शिवाय या अक्षांशावर सूर्यास्ताचे स्थान वर्षभरात नैर्ऋत्येकडून वायव्येकडे असे सुमारे ४९ अंश सरकते, त्यामुळे डिसेंबरात जो सूर्य तटामागे उतरतो तो उन्हाळा लागेपर्यंत किल्ला सोडून उजवीकडे मोकळ्या समुद्रात बुडू लागतो. हे सर्व मी त्यापूर्वीही जाणत होतो, असे मला प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही. त्याच किनाऱ्यावर मी अनेक वर्षे हिंडलो होतो. परंतु एका साध्या प्रश्नाने मला त्या किनाऱ्याचा विद्यार्थी केले.

दुसरी दोरी

शेवटी एक साक्ष अशी सांगतो, जी कोणा छायाचित्रकाराने दिलेली नाही. सागरदृश्यांच्या जलरंगचित्रांसाठी ख्यातनाम झालेले प्रा. प्रल्हाद अनंत धोंड यांनी आपल्या आठवणींच्या ग्रंथाला ज्या मासेमारीचे नाव दिले, ती रापण मालवणच्या किनाऱ्यावर आजही ओढली जाते. होडीतून लांबलचक जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार टाकतात, त्याची दोन्ही टोके दूरदूर किनाऱ्यावर आणतात, आणि माणसांच्या दोन रांगा दोन दोऱ्या ओढीत ओढीत हळूहळू एकमेकींच्या दिशेने सरकत येतात. मी त्यांतील एका रांगेचे चित्र काढले होते: ताणलेले दंड, वाळूत रुतलेल्या टाचा, मागे पहाटेचा निळा समुद्र. आमच्या बैठकीने त्याची एकमुखाने प्रशंसा केली.

त्याच किनाऱ्यावरील एका वृद्ध रापणकाराला मी ते दाखवले. त्यांनी कागद दोन्ही हातांत धरला, डोळ्यांजवळ नेला, आणि म्हणाले, “ह्यो फोटो अर्ध्या रापणीचो. दुसरी दोरी खंय आसा?”

आम्हा सर्वांना प्रकाश दिसला होता, मांडणी दिसली होती, स्नायू दिसले होते. दुसरी दोरी नाही, हे मात्र एकालाही दिसले नव्हते, कारण रापण एका बाजूने ओढताच येत नाही हे ज्ञान आमच्या डोळ्यांत नव्हते, त्यांच्या हातांत होते. तेव्हापासून मी असे मानतो की, निसर्गाच्या चित्राला निदान दोन प्रकारचे साक्षीदार हवेत: एक चित्र जाणणारा, आणि दुसरा ते स्थळ व तेथील काम जाणणारा.

पुढल्या खेपेस मी घाई केली नाही. पाण्यालगतची जागा सोडून मागे माडांच्या सावलीत उभा राहिलो, आणि दोन्ही रांगा सरकत सरकत इतक्या जवळ येईपर्यंत थांबलो की दोन्ही दोऱ्या, आणि त्यांच्या मधोमध उसळू लागलेले पाणी, एका चौकटीत मावावे. ते चित्र घेऊन मी पुन्हा त्यांच्याकडे गेलो. या वेळी त्यांनी ना स्तुती केली, ना दोष काढला. चित्र मांडीवर ठेवून, डावीकडच्या पहिल्या माणसावर बोट टेकवून, त्यांनी त्याचे नाव घेतले. मग दुसऱ्याचे, मग तिसऱ्याचे. आणि असे करीत ते बोट सावकाश दुसऱ्या दोरीच्या शेवटच्या माणसापर्यंत गेले.